एका घाटात सहा दिवस : भूशास्त्राच्या फील्ड कॅम्पची कृती

भूशास्त्राच्या अभ्यासक्रमात फील्डवर्क सक्तीचे असते, पण बऱ्याच ठिकाणी त्याची सहल होते. बस निघते, लोणारचे विवर होते, निघोजचे रांजणखळगे होतात, वाटेत एखादी लेणी आणि शेवटी समुद्रकिनारा. प्रत्येक ठिकाणी सर सांगतात, मुले उतरवून घेतात, ग्रुप फोटो निघतो आणि परत आल्यावर मागच्या वर्षीच्या अहवालात तारखा बदलून नवा अहवाल तयार होतो. अशा दौऱ्यातून मुलांना खडकांची नावे कळतात. खडकासमोर एकटे उभे राहून काय करायचे, हे मात्र कळत नाही. पुढे नोकरीत, धरणाच्या पायाशी असो की विहिरीच्या काठावर, नेमके तेच करावे लागते.

म्हणून या कृतीचे सूत्र एकच आहे : ठिकाणे कमी करा, वेळ वाढवा आणि उत्तर सांगायच्या आधी मुलांना स्वतः शोधू द्या. ही कृती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या २० ते २४ विद्यार्थ्यांसाठी आहे. विभागप्रमुख, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि मदत करू इच्छिणारी मंडळी, सगळ्यांना तिचा उपयोग व्हावा.

ठिकाण म्हणून वाई–पाचगणी–महाबळेश्वर हा पट्टा घेतला आहे. दख्खनच्या लाव्हाथरांचा अभ्यास करायला जगभरातले संशोधक इथे येतात. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही लाव्हाथरांच्या गटांची नावे इथल्याच गावा-घाटांवरून पडली आणि ते ज्या मोठ्या गटात मोडतात त्याला वाईचे नाव आहे. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी १९८५ साली महाबळेश्वरच्या थरांची रासायनिक ओळख पटवणारा जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा आधार आजही घेतला जातो. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास, म्हणजे पसरणी घाटाच्या दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात ६०० मीटर जाडीचे थर एकावर एक उघडे पडलेले दिसतात. पलीकडे आंबेनळी घाट पोलादपूरपर्यंत कोकणात उतरतो आणि तिथे ही जाडी एक हजार मीटरच्याही वर जाते. एवढे सगळे एका मुक्कामात आवाक्यात असेल, तर आणखी दूर जायचे कारण नाही.

लागणारे साहित्य

चौघांच्या एका गटासाठी :

- ब्रंटन किंवा क्लायनोमीटर कंपास – १
- भूशास्त्रीय हातोडा – २, छिन्नी – १, संरक्षक चष्मे – ४
- दहापट दाखवणारी हँड लेन्स – प्रत्येकाला स्वतंत्र
- ३० मीटरची टेप – १
- पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर-बाटली (१० टक्के) – १
- टोपोशीटची वाढवलेली प्रत, क्लिपबोर्ड, एच आणि २एच पेन्सिली, खोडरबर, कोनमापक
- जाड पुठ्ठ्याची फील्ड बुक – प्रत्येकाला स्वतंत्र
- सॅम्पलच्या कापडी पिशव्या, पर्मनंट मार्कर, जुनी वर्तमानपत्रे
- प्रथमोपचार पेटी, शिट्टी, दोरी, प्रत्येकी दोन लिटर पाणी

कपडे पूर्ण बाह्यांचे, बूट घोट्यापर्यंतचे, डोक्याला टोपी. चपला-सँडल घालून आलेल्याला घाटात उतरू देऊ नये.

सगळे साहित्य दरवर्षी नव्याने घ्यावे लागत नाही. विभागाने एक ‘हातोडा-पेटी’ करावी : कंपास, हातोडे, लेन्स, चष्मे एका पत्र्याच्या ट्रंकेत, सोबत नोंदवही, आणि दर वर्षी दोन-तीन वस्तूंची भर. माजी विद्यार्थ्यांनी पैसे द्यायचे असतील तर ते बॅनर आणि स्मरणिकेपेक्षा या पेटीला द्यावेत. चांगला कंपास वीस वर्षे टिकतो.

पूर्वतयारी : दोन महिने आधी

१. हंगाम ठरवा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा काळ उत्तम. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असते, थरांच्या सीमा त्यात दडतात आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात या घाटांत जाऊच नये. २८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत कोसळली आणि बसमधला एकच जण वाचला. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत याच घाटाचा रस्ता दरडींनी तुटला. शनिवार-रविवारही टाळावेत. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग घाटात लागते आणि रस्त्याकडेला उभे राहणे धोक्याचे होते. रविवारी संध्याकाळी वाईत पोचावे, सोमवार ते शनिवार काम करावे. शनिवारी दुपारच्या आत घाटाखाली उतरता येईल असे बघावे.

२. शिक्षकांनी आधी जाऊन यावे. दोन शिक्षकांनी दोन दिवस पूर्ण भाग पायी फिरावा. कोणते एक्स्पोजर (उघडा पडलेला खडक) रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर आहे, बस कुठे वळवता येते, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, फोनला रेंज कुठे जाते, कोणत्या कड्याला आग्या मोहोळ लटकले आहे, हे सगळे नकाशावर टिपावे. मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. रस्ता रुंदीकरणात एक्स्पोजर जाते आणि नवेही निघते.

३. परवानग्या लेखी घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जंगलाच्या हद्दीत काम असेल तर वनविभागाचे, खासगी शेतात असेल तर मालकाचे, दगडखाणीत असेल तर खाणमालकाचे पत्र हवे. खाणीत जाण्याआधी ब्लास्टिंगची वेळ विचारावी, हेल्मेट घालावे आणि उभ्या कपारीच्या पायथ्याशी थांबू नये. स्थानिक पोलीस ठाण्याला विद्यार्थ्यांची यादी आणि मुक्कामाचा पत्ता द्यावा. विभागाच्या लेटरहेडवर मराठीत एक ओळखीचे पत्र छापून प्रत्येक गटाकडे ठेवावे. हातोडा घेऊन बांधावर फिरणारी चार मुले बघून गावकऱ्यांना ‘जमीन मोजायला आले की काय’ ही शंका येते आणि ती रास्त असते.

४. पैशांचे गणित उघड मांडा. खर्चाची खाती सहा : बस, राहणे, जेवण, विमा, साहित्य, आकस्मिक खर्च. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. शैक्षणिक सहलीच्या सवलतीची चौकशी आगारात करावी. राहायला पाचगणीपेक्षा वाई स्वस्त पडते. वर्गणी न परवडणारे दोन-चार विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात आणि ते तसे सांगत नाहीत. ‘घरी कार्यक्रम आहे’ म्हणून कॅम्पला येत नाहीत. म्हणून अर्ज मागवून, चारचौघांत कारण विचारून मदत देऊ नये. वर्गणी सगळ्यांसाठीच कमी ठेवावी आणि उरलेली रक्कम विभाग व माजी विद्यार्थ्यांनी उचलावी. बूट आणि सॅक यांचाही खर्च असतो, तोही धरावा.

५. नकाशे तयार करा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० चे टोपोशीट घ्यावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशेही मिळतात, पण ते शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावेत. मुलांच्या हातात आधीच तयार नकाशा पडला की ती खडक बघायचे सोडून नकाशा बघतात. टोपोशीट चौपट वाढवले की १ सेंटीमीटर म्हणजे १२५ मीटर होतात आणि २ किलोमीटर बाजूचा चौकोन १६ सेंटीमीटरमध्ये बसतो. मुलांना एवढे सांगून ठेवावे की नकाशा मोठा केला तरी त्यातली माहिती वाढत नाही. समोच्च रेषा २० मीटरच्याच राहतात.

६. कॅम्पसवर सराव घ्या. निघण्याआधी तीन गोष्टी कॉलेजच्या आवारातच जमल्या पाहिजेत. पहिली, स्वतःची पावले मोजणे : १०० मीटरची सरळ रेषा तीनदा चालून आपली किती पावले पडतात ते प्रत्येकाने फील्ड बुकच्या पहिल्या पानावर लिहावे. दुसरी, लेन्स वापरणे : लेन्स डोळ्याला चिकटवून धरायची आणि दगड हळूहळू जवळ आणायचा. दगडावर लेन्स धरून लांबून वाकून बघणाऱ्याला काही दिसत नाही. तिसरी, नकाशा दिशेला लावून आपली जागा ओळखणे, फोन खिशात ठेवून.

कृती : सहा दिवस

पहिला दिवस : एक एक्स्पोजर, दोन तास, कोणी काही सांगायचे नाही.

पसरणी घाटातले रस्त्यापासून दूर असलेले, दोन लाव्हाथरांची सीमा दिसेल असे एक एक्स्पोजर निवडावे. मुलांना तिथे सोडून शिक्षकांनी फक्त तीन प्रश्न द्यावेत. इथे वेगवेगळे असे किती भाग दिसतात? ते कशावरून वेगळे? आधीचा कोणता, नंतरचा कोणता? पहिला अर्धा तास मुले दगड फोडतील, मग फोटो काढतील, मग एकमेकांच्या वहीत डोकावतील. तासाभराने खरे बघणे सुरू होते. तोवर शिक्षकाने गप्प बसणे हा या कृतीतला सगळ्यात अवघड भाग आहे.

दोन तासांनी सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून एकेक निरीक्षण घ्यावे आणि त्यानंतरच थराची रचना समजावून द्यावी. मधला भाग घट्ट, काळा आणि उभ्या भेगांचा. वरचा भाग सच्छिद्र, कधी तुटक्या तांबूस तुकड्यांचा, कारण लाव्हातले वायू वर जाऊन अडकतात आणि पृष्ठभाग आधी थंड होतो. तळाशी पुन्हा थोडी सच्छिद्र पट्टी. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा मऊ थर, म्हणजे रेड बोल. तो दिसला की खालचा थर थंड झाल्यानंतर वरचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला असावा असे धरता येते. तो नसला तर नुसत्या रंगावर न जाता छिद्रांचे प्रमाण कुठे बदलते ते बघायचे. छिद्रांत पांढरे खनिज असेल तर त्यावर आम्लाचा एक थेंब टाकावा : फसफसले तर कॅल्साइट, नाही फसफसले तर झिओलाइट किंवा गारगोटीच्या जातीचे काही. सुरीने ओरखडा उठतो का ते बघितले की या दोघांतलाही फरक कळतो.

दुसरा दिवस : घाटाचा ट्रॅव्हर्स.

आता खालून वर पूर्ण घाट पायी करायचा. बस पुढे पाठवावी. सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे एकेक शिक्षक, दोघांच्या अंगावर चमकदार जॅकेट. चालायचे रस्त्याच्या एकाच बाजूने, एका ओळीत. आंधळ्या वळणावर थांबायचे नाही, एक्स्पोजर कितीही सुंदर असले तरी.

प्रत्येक ठिकाणाची नोंद एकाच पद्धतीने करावी आणि पानाचे दोन भाग करावेत. नमुन्यादाखल एक नोंद अशी :

*ठिकाण ७. रस्त्याची डावी बाजू, वळणाच्या वर साधारण ६० पावले. उंची टोपोशीटवरून १,०२० ते १,०४० मीटरच्या दरम्यान.*
*काय दिसले : खालून वर – घट्ट काळा बेसाल्ट, २ मीटर दिसतो, तळ झाकलेला. त्यावर सच्छिद्र भाग सुमारे १.५ मीटर, छिद्रे वर जाताना मोठी, बरीचशी पांढऱ्या खनिजाने भरलेली, आम्लाला प्रतिसाद नाही. त्यावर विटकरी मऊ थर ३० सेंटीमीटर, वरची कड सरळ, खालची अस्पष्ट. त्यावर पुन्हा घट्ट बेसाल्ट.*
*काय वाटते : दोन थरांची सीमा. विटकरी थर म्हणजे खालच्या थराचा झिजलेला माथा, कारण खालची कड हळूहळू मिसळते.*

‘काय दिसले’ आणि ‘काय वाटते’ यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. मत उद्या बदलेल, निरीक्षण टिकले पाहिजे. याच कारणाने वहीत ‘आंबेनळी फॉर्मेशन’ किंवा ‘महाबळेश्वर फॉर्मेशन’ असे लिहायला पहिले काही दिवस बंदी ठेवावी. हे गट मुख्यतः रासायनिक विश्लेषणावरून ठरलेले आहेत. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखल्याचा आव आणणे म्हणजे पुस्तकातले वाक्य खडकावर चिकटवणे.

स्केच प्रत्येक ठिकाणी हवेच. फोटो त्याला पर्याय नाही. स्केचवर मापाची रेघ आणि दिशा नसेल तर ते चित्र झाले, नोंद झाली नाही. आणि कंपासवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे सुई हलते. डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या जागी तर फारच. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे अ वरून ब ची दिशा घ्यावी, मग ब वर जाऊन अ ची घ्यावी. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला तर ठीक, नाही आला तर तिथले वाचन बाद. फोनमधल्या कंपासलाही हाच नियम.

तिसरा आणि चौथा दिवस : गटांचे स्वतंत्र नकाशे.

चौघांचा एक गट, प्रत्येक गटाला २ किलोमीटर बाजूचा एक चौकोन. शेजारच्या गटांचे चौकोन कडेला थोडे एकमेकांवर चढवावेत, म्हणजे शेवटी नकाशे जुळतात का ते बघता येते. गटात चार कामे : नोंद, कंपास, सॅम्पल, नकाशा. ती रोज फिरवावीत आणि फिरवली का ते शिक्षकाने तपासावे. नाही तर सहाही दिवस हातोडा मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात राहते.

इथले थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे एका ठिकाणी सापडलेली सीमा डोंगराच्या कडेने साधारण त्याच उंचीवर पुढे सापडते. मुलांनी ती चालत जाऊन शोधायची. जिथे प्रत्यक्ष दिसली तिथे सलग रेघ, जिथे अंदाजाने जोडली तिथे तुटक, जिथे मातीखाली गेली तिथे ठिपके. पूर्ण सलग रेघांचा नकाशा आला तर गट झाडाखाली बसला होता असे समजावे.

थरांचा कल क्लायनोमीटरने मोजायचा प्रयत्न करू नये; तो एका अंशाच्याही आत आहे. त्याऐवजी तीन बिंदूंचे गणित करावे, म्हणजे एकाच सीमेच्या तीन ठिकाणच्या उंचींवरून कल काढावा. समजा कल अर्धा अंश आहे. मग १ किलोमीटरवर सीमा साधारण ९ मीटरच खाली जाईल. फोनच्या जीपीएसची उंचीतली चूक एवढी सहज असते, म्हणजे १ किलोमीटरवरून काढलेला कल निरर्थक. ५ किलोमीटरवर हाच फरक सुमारे ४४ मीटर होतो आणि तो टोपोशीटवरही पकडता येतो. म्हणून हे गणित गटागटाने न करता सगळ्या गटांचे बिंदू एकत्र करून करावे. आपल्या मापातली चूक किती आणि मोजायची गोष्ट केवढी, हा हिशेब मुलांच्या अंगात मुरला तर कॅम्पचा अर्धा खर्च वसूल झाला.

चौथ्या दिवशी दुपारी विहिरी. मोठ्या व्यासाची, न बांधलेली विहीर म्हणजे सपाट शेतातला आयता उभा छेद. मालकाची परवानगी घेऊन, काठापासून हातभर मागे राहून थरांची नोंद करावी. आत कोणीही उतरू नये. पाण्याची पातळी टेपने मोजावी, पाणी मार्चनंतर टिकते का ते विचारावे. विहीर खोदणाऱ्याला भेटता आले तर उत्तम. तो मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू असे थर सांगतो; मुलांनी आपल्या नोंदीशी ते ताडून बघावेत. रेड बोल पाणी सहज झिरपू देत नाही, म्हणून काही ठिकाणी झरे त्याच्या वरच्या कडेला फुटतात. डोंगरात काढलेली सीमा आणि गावातला झरा एकाच उंचीवर आले की भूजलाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

पाचवा दिवस : पाचगणीचे पठार आणि आंबेनळीचा माथा.

सकाळी टेबललँड. इथे बेसाल्टवर जांभ्याची टोपी आहे. हातोडे बसमध्येच ठेवावेत. या पठारावर दगड फोडायचा नाही, फक्त बघायचे आणि स्केच काढायचे. बेसाल्टपासून जांभ्यापर्यंत रंग, कठीणपणा आणि पोत कसे बदलत गेले ते पठाराच्या कडेवरून खालपर्यंत नोंदवावे. दुपारी आंबेनळी घाटाच्या वरच्या टप्प्यावरून कोकणाकडची बाजू बघावी आणि समोरच्या डोंगराचे लांबून स्केच काढावे : पायऱ्या कुठे आहेत, त्या किती उंचीच्या, झाडी कोणत्या पट्ट्यात दाट आहे. घट्ट थर कडा धरतो, सच्छिद्र थर झिजून उताराची पायरी करतो. दोन दिवस जवळून बघितलेले आता दोन किलोमीटरवरून ओळखता आले पाहिजे. दरड कुठे येते आणि का, ही चर्चा याच जागी करावी.

सहावा दिवस : पुन्हा त्याच ठिकाणी.

शेवटच्या सकाळी सगळ्यांना पहिल्या दिवशीच्या एक्स्पोजरवर न्यावे. तेच तीन प्रश्न, या वेळी एक तास. पहिल्या दिवशीचे पान उलटून न बघता नवे पान लिहायला सांगावे आणि मग दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. कॅम्पमध्ये काय शिकलो याचा याहून प्रामाणिक पुरावा नाही. तोंडी परीक्षाही इथेच, खडकासमोर, प्रत्येकी दहा मिनिटे.

रोज संध्याकाळी

१. परतल्यावर आंघोळ-चहा झाला की दीड तास काम. पेन्सिलीने काढलेले त्याच दिवशी शाईने पक्के करावे; दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नाही.

२. सॅम्पल मोजून घ्यावेत. मुठीएवढा, ताजा पृष्ठभाग असलेला, एका ठिकाणचा एकच. दगडावर आणि पिशवीवर एकच क्रमांक, वहीत तोच. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा झिजलेला दगड आणू नये. त्याच्या गाभ्यातला घट्ट भाग घ्यावा. निम्मे सॅम्पल तिथेच टाकून देता आले पाहिजेत. बसच्या टपावर दोन क्विंटल दगड चढवणे ही अभ्यासाची खूण नव्हे.

३. एका गटाने आपला नकाशा भिंतीवर लावावा, बाकीच्यांनी शंका काढाव्यात. दोन दिवसांसाठी एखादा नोकरीतला भूशास्त्रज्ञ, माजी विद्यार्थी असला तर फारच बरे, पंच म्हणून बोलवावा. त्याला भाषण करायला लावू नये. मुलांचे नकाशे तपासायला लावावेत.

सुरक्षितता : तडजोड नाही

- हातोडा मारताना चष्मा घालायचा, आजूबाजूला बघायचे, ‘मारतोय’ असे ओरडायचे. एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारायचा नाही. पोलादाचा तुकडा उडून डोळ्यात जातो.
- एकाच्या वर दुसरा उभा राहून उतारावर काम करायचे नाही. सुटलेला दगड खालच्याला लागतो.
- आग्या मोहोळाजवळ अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड, काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोके झाकून लगेच लांब पळायचे आणि बंद गाडीत किंवा घरात शिरायचे.
- साप चावला तर कापायचे नाही, आवळून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. अवयव हलू न देता थेट दवाखाना. १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. सर्पदंशावरचे प्रतिविष कुठे उपलब्ध आहे ते वाईचे ग्रामीण रुग्णालय आणि सातारचे जिल्हा रुग्णालय या दोन्ही ठिकाणी आधी फोन करून विचारून ठेवावे.
- डिसेंबरात साडेपाचला काम थांबवावे. अंधारात घाटात कोणी पायी नको.
- दमा, मधुमेह, फिट, ॲलर्जी यांची माहिती आधी, बंद लिफाफ्यात घ्यावी. मासिक पाळीच्या दिवसांत कोणाला थांबावेसे वाटले तर कारण न विचारता थांबू द्यावे. मुलींच्या मुक्कामाला महिला शिक्षक असल्याच पाहिजेत.
- ज्या विद्यार्थ्याला चढता येत नाही त्याला बसमध्ये बसवून ठेवू नये. त्याच्यासाठी गाडी पोचेल अशी विहीर, खाण किंवा रस्त्यालगतचे सुरक्षित एक्स्पोजर आधीच निवडून ठेवावे आणि गटाच्या नकाशातला तो भाग त्याच्याकडे पूर्णपणे सोपवावा.

परतल्यानंतर

फील्ड बुक शेवटच्या दिवशी, बस सुटण्याआधी जमा करून घ्यावी. गुणांची विभागणी अशी ठेवता येईल : फील्ड बुक ४०, नकाशा ३०, खडकासमोरची तोंडी परीक्षा २०, अहवाल १०. अहवालाला गुण कमी ठेवले की जुने अहवाल उतरवण्यात कोणाला रस राहत नाही.

निवडक सॅम्पलचे पातळ छेद करून घ्यावेत. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या त्या चकतीत, सूक्ष्मदर्शकाखाली, मुलांनी आपणच आणलेला दगड बघावा. पेटीतल्या परक्या स्लाइडपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

विहिरींच्या नोंदींचे एक पानी मराठी टिपण गावच्या ग्रामपंचायतीला पाठवावे : विहीर, थर, पाण्याची पातळी, तारीख. आपल्या बांधावर मुलांना फिरू देणाऱ्यांचे एवढे देणे लागतेच आणि पुढच्या वर्षीची परवानगीही सोपी होते.

या कॅम्पला एक मर्यादा आहे, ती माहीत असावी. आडव्या बेसाल्टमध्ये वळ्या, तिरपे थर, रूपांतरित खडक शिकता येत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या वर्षी सिंधुदुर्गातले जुने खडक किंवा कर्नाटकात बागलकोटजवळचे कलादगीचे थर गाठावेत. तिथेही पद्धत हीच : एक मुक्काम, गटाला एक चौकोन, दोनदा भेट.

शेवटी पैशांबद्दल. कॅम्पला मदत करायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी विभागाला एकच विचारावे : मुले एका ठिकाणी किती वेळ थांबणार आहेत? उत्तर ‘अर्धा तास’ असेल तर तुमचे पैसे डिझेलमध्ये जातील. ‘सहा दिवस’ असेल तर बिनदिक्कत द्या आणि जमले तर दोन दिवस रजा टाकून स्वतःही या. नकाशे तपासायला माणसे नेहमीच कमी पडतात.